गाळलेली चार पानं

माझे वडील ऑस्ट्रियाला जर्मनी म्हटलेलं खपवून घेत नसत. अंबरनाथच्या आमच्या फॅक्टरी कॉलनीत त्यांना सगळे 'जर्मनवाले साहेब' म्हणत, आणि दर वेळी वडील त्या माणसाला दारातच थांबवून समजावून सांगत की आपण गेलो होतो तो देश वेगळा, त्याची राजधानी वेगळी, त्याची माणसं वेगळी. समोरचा मान हलवायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जर्मनवालेच म्हणायचा. मी तेव्हा चौथीत होते. मला दोन्ही देश सारखेच लांब होते.

नवं मशीन चालवायला शिकण्यासाठी कारखान्यानं त्यांना आठ महिने तिकडे पाठवलं होतं. जाताना त्यांना त्या भाषेचं अक्षर येत नव्हतं. परत आले ते लोकरीची टोपी, कॉफीची पांढरी किटली आणि घडाघडा जर्मन घेऊन. आईला वाटलं होतं, निदान एखादी शाल तरी आणतील. तिनं त्या किटलीत गोडंतेल भरून ठेवलं, आणि याबद्दल वडिलांनी तिला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

"भाषा एक म्हणून माणसं एक होत नाहीत," ते म्हणायचे. तिकडे बटाट्याला वेगळा शब्द, टोमॅटोला वेगळा, जानेवारी महिन्यालासुद्धा वेगळा. महायुद्ध संपल्यावर त्यांनी शाळांमधून स्वतःचा निराळा शब्दकोश लावला, आपण कोण आहोत आणि कोण नाही हे मुलांना लहानपणीच कळावं म्हणून. मला हे लगेच पटलं, कारण माझी पुण्याची आत्या दर सुट्टीत आमच्या मराठीवर हसायची. आम्ही 'मी आली' म्हणायचो, 'भेजा नको खाऊ' म्हणायचो, आणि आत्याच्या घरी जेवायला बसलो की तोंड उघडायची भीती वाटायची. भाषा तीच, पण तिच्या घरात आम्ही बाहेरचे. तेव्हा मी चौथीतच ऑस्ट्रियाच्या बाजूची होऊन बसले.

त्या आठ महिन्यांतली वडिलांची लाडकी व्यक्ती म्हणजे त्यांची घरमालकीण. नदीकाठच्या एका गावात टेकडीवर तिचं घर होतं. नवरा युद्धानंतर काही वर्षांनी वारलेला, मूलबाळ नाही. वडील तिला 'तिकडच्या मावशी' म्हणत. मावशींनी त्यांच्यासाठी मांसाशिवाय स्वयंपाक करायला शिकून घेतलं, शहाजिरं घालून बटाटे उकडले, वाटाण्याच्या डाळीचं वरण केलं. वडिलांना ताप आला तेव्हा तीन दिवस उशाशी बसल्या. दिवाळीची गोष्ट तर आम्ही शंभरदा ऐकली असेल. परदेशातली दिवाळी, वडील घराच्या आठवणीनं रडकुंडीला आलेले. मावशींनी चार मेणबत्त्या आणि मुरंब्याच्या चार रिकाम्या बरण्या दिल्या, वडिलांनी त्या बरण्यांचे दिवे केले आणि खिडकीत लावले. बाहेर अंधार, आत दोघं जेवायला बसलेले. गोष्ट इथे संपायची. आई दर वेळी म्हणायची, "पुण्यवान बाई."

मावशींचं दर नवीन वर्षाला कार्ड यायचं. एका वर्षी आलं नाही. पुढच्या वर्षीही आलं नाही, तेव्हा वडील समजले. त्या रविवारी ते सकाळी बाहेर जायला म्हणून बूट घालून खुर्चीवर बसले, ते संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. आम्ही कुणी त्यांना बूट काढा म्हणालो नाही.

आई गेली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते, अंबरनाथच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेऊन एकटी राहत होते. लग्न केलं नव्हतं. वडिलांना माझ्याकडे आणलं. त्यांनी बोलणं जवळजवळ सोडलं. चहा हवा का, तर मान हलवायची. पेपर उलटा धरलाय हे सांगितलं तरी हसायचे नाहीत. मला भीती वाटायला लागली की आईच्या मागोमाग हेही जाणार, आणि मी नुसती बघत राहणार.

मग मीच डाव टाकला. मुंबईच्या एका वाचनालयानं जुनी जर्मन पुस्तकं काढून टाकली होती. त्यातून मी पिशवीभर उचलून आणली आणि त्यांच्या पलंगावर ओतली. त्यात एक कादंबरी निघाली. मलपृष्ठावर मावशींच्या त्या नदीचं नाव होतं. वडिलांनी ती हातात घेतली आणि दोन दिवस खाली ठेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे मराठीत यायला पाहिजे."

आमची पद्धत अशी. मला जर्मनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि वडिलांचं मराठी म्हणजे मशीनच्या सूचना. ते कारखान्यातून आणलेल्या जुन्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर कच्चा मजकूर लिहायचे, शब्दाला शब्द ठेवून. मी शाळेतून आले की तो मला वाचून दाखवायचे. मी त्यांना छळायचे: ही बाई रागावून बोलतेय की हसून? ही वाट चढाची की उताराची? मग मी त्याचं मराठी करायचे. जेवणाच्या टेबलावर साडेतीन वर्षं हे चाललं. वडील बोलायला लागले, भांडायला लागले, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागले. त्या पुस्तकाचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधीच सांगून टाकते.

त्या कादंबरीचा नायक बापाच्या अंत्यविधीसाठी गावी येतो. जुन्या गोष्टींमध्ये थकला-भागला माणूस गावी येतो आणि तिथे त्याला बरं वाटतं. इथे नायक दारोदार जातो, सगळे त्याला प्रेमानं जेवू घालतात, आणि युद्धात या गावात काय झालं हे त्यानं विचारलं की सगळे सूपच्या वाटीत बघायला लागतात. गावाच्या वर दगडाची खाण आहे. तिथे कैद्यांना आणून मरेपर्यंत राबवलं होतं, हे वाचकाला हळूहळू कळतं. गावाला ते आधीपासून ठाऊक असतं.

अनुवादाच्या निमित्तानं मी त्या देशाचं आणखी काही वाचलं, इंग्रजीतून, मिळेल तसं. तेव्हा वडिलांच्या त्या लाडक्या वेगळेपणाची दुसरी बाजू दिसली. आम्ही जर्मन नाही, म्हणजे जे झालं ते त्यांनी केलं, आम्ही तर पहिले बळी. असं तो देश कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिला. आणि त्याच्याच पोटच्या लेखकांनी उठून विचारलं, मग आपल्या खाणीत काय चाललं होतं? डोंगर, गाई, चर्चची घंटा, सगळं त्यांच्या पुस्तकांत आहे, पण त्या घंटेचाही त्यांना संताप येतो. तेच तेच पुन्हा सांगतात, वाक्य संपवत नाहीत. जी माणसं सोडता येत नाहीत त्यांच्याशी आपण भांडतो, अगदी तसं. लोकांनी त्यांना घरभेदी म्हटलं, आणि ते घर सोडून गेले तरी घराबद्दलच लिहीत राहिले. मला हे साहित्य जवळचं वाटलं. मी स्वभावानं तापट आहे, आणि बोलायची गोष्ट न बोलणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. असं मी समजत होते.

पुस्तक छापून आलं. वर आमची दोघांची नावं. कौतुकही झालं, बहुतेकांनी एकच शब्द वापरला: संयत. युद्धावर इतकं संयत लिहिता येतं, अनुवादही किती संयत. मी फुशारून गेले. मूळ लेखिका एवढी संतापी, तिचं पुस्तक संयत कसं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तीस वर्षं मुलांना 'नीट वाचा, मग उत्तर लिहा' सांगणारी बाई मी.

बारा वर्षं गेली. मी निवृत्त झाले. वडील शहाऐंशीचे झाले, नजरेच्या मधोमध काळा डाग आला आणि वाचणं बंद पडलं, पण डोकं लख्ख. प्रकाशकांनी कळवलं की दुसरी आवृत्ती काढायची आहे, काही दुरुस्त्या असतील तर सांगा. मी कळवलं, काही नाहीत.

त्याच महिन्यात शेजारची मुलगी तिच्या क्लासच्या मॅडमना घेऊन आली. ही मुलगी नर्स. हल्ली नर्सेस जर्मनीला जातात, त्यासाठी उल्हासनगरला चार नंबरच्या कॅम्पात कापडाच्या दुकानावर जर्मनचा क्लास चालतो. मॅडम पस्तिशीच्या, सिंधी, केस घट्ट बांधलेले, हातात आमचं पुस्तक आणि मूळ जर्मन पुस्तक. दोन्हींत रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या.

"ताई, राग नका मानू," त्या म्हणाल्या. "माझी मराठी शाळेतली आहे, ती सुधरायला मी दोन्ही बुक साइड बाय साइड वाचते. इथे माझी गाडी अटकली. हे बघा, इथे तो त्या बाईच्या घरात शिरतो. आणि इथे डायरेक्ट स्टेशनवर. मध्ये चार पेज आहेत. ते कुठे गेले?"

मी म्हटलं, आवृत्तीत फरक असेल.

"असेल ना. पण अजून एक. हे खाणीवरचं कॅम्प आहे, त्याला तुम्ही सगळीकडे वसाहत लिहिलं आहे. वसाहत म्हणजे कॉलनी ना? अंबरनाथला असते तशी?" त्या हसल्या, पण नीट हसल्या नाहीत. "आमच्या तर पत्त्यातच कॅम्प आहे. फाळणीनंतर माझी दादी मिलिटरीच्या बराकीत आली, तिला कॅम्प बोलायची लाज नव्हती. आमच्या कॅम्पात माणसं जगायला आली. यांच्या कॅम्पात मारायला आणली. त्याला वसाहत कसं बोलणार?"

त्या चार पानांत काय आहे, ते त्यांनी तिथेच मला सांगितलं. नायक एका म्हातारीच्या घरी जातो. ती खोल्या भाड्यानं देते. तिचा नवरा खाणीवरच्या छावणीच्या ऑफिसात कारकून होता. ती रोज संध्याकाळी टेबल मांडायच्या आधी खाणीकडच्या खिडकीचा पडदा ओढते, आणि पाहुण्याला त्या खिडकीकडे तोंड करून कधी बसवत नाही. नायक जेवतो, उठतो आणि तो पडदा ओढून फाडतो. सगळं पुस्तक त्या क्षणाकडे चाललेलं असतं. आमच्या मराठी पुस्तकात तो पडदा नव्हताच.

मॅडम गेल्यावर मी वडिलांच्या खोलीत गेले. ते रेडिओ कानाला लावून बसले होते. मी रेडिओ बंद केला आणि विचारलं, चार पानं कुठे गेली?

"तुझं पुस्तक आहे. तू बघ," ते म्हणाले.

"माझं नाही, आपलं आहे. आणि मला बघता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी रेडिओ पुन्हा चाचपला. मी खूप बोलले. तुम्ही मला फसवलंत म्हटलं. साडेतीन वर्षं रोज समोर बसून फसवलंत. त्या गावातले लोक आणि तुम्ही यांत फरक काय, असंही म्हटलं. आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्या बापाला असं बोलताना माझा आवाज शेजारी ऐकू जात होता, आणि तरी मी थांबले नाही. त्याची आज लाज वाटते, आणि नाहीही वाटत.

पाच दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. घरात ताट वाढल्याचा आवाज, रेडिओ, बस्स. सहाव्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते. ते भिंतीला हात लावत आले आणि समोर बसले.

"ती दिवाळीची गोष्ट," ते म्हणाले. "मी अर्धीच सांगायचो."

मी गवारीची शेंग हातात तशीच धरली.

"दिवे मी आधी मागच्या खिडकीत लावले होते. तिथून डोंगर दिसायचा, खाण दिसायची. मला वाटलं, तिकडून छान दिसतील. मावशी आल्या. म्हणाल्या, त्या खिडकीत नको. मी विचारलं का. म्हणाल्या, तिकडे कुणी राहत नाही. मग मी ते उचलले आणि रस्त्याकडच्या खिडकीत ठेवले. चारही. त्यांनी हात लावला नाही. मी उचलले."

"तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा?"

"तेव्हा नाही. पुढच्या महिन्यात कँटीनमध्ये एकानं सांगितलं. म्हणाला, तू राहतोस त्या बाईचा नवरा वर ऑफिसात होता. वर म्हणजे कुठे, तेही सांगितलं. मी घरी आलो. ताट वाढलेलं होतं. शहाजिऱ्याचे बटाटे. मी जेवलो. त्यानंतर अडीच महिने रोज जेवलो. एकदाही विचारलं नाही."

मी म्हटलं, पुस्तकातली बाई काही मावशी नव्हेत.

"तीच असं नाही. पण तीच. ती पानं आली तेव्हा पेन उचलेना. ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घराबद्दल हे मी माझ्या हातानं लिहायचं? मी पाहुणा होतो गं."

मला रडू आलं. राग होता तो होताच, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी उमटलं. मला माझे वडील दिसले, छत्तिशीचे, परक्या देशात, समोर गरम ताट आणि पाठीमागे ती खिडकी. मी तिथे असते तर काय केलं असतं? उठले असते का मी?

पुढचे तीन रविवार मॅडम दुपारी उल्हासनगरहून यायच्या. त्या मूळ पुस्तकातलं वाक्य मोठ्यानं वाचायच्या, वडील त्यांचं ते ओबडधोबड मराठी सांगायचे, मी लिहायचे. आमची जुनीच पद्धत, फक्त आता डोळे मॅडमचे. वडील मध्येच त्यांचा उच्चार दुरुस्त करायचे. "हे जर्मनीतलं झालं, तिकडे असं म्हणत नाहीत." मॅडम खळखळून हसायच्या. "अंकल, माझ्या मुलींना जायचं जर्मनीला आहे, मी ऑस्ट्रियाचं शिकवलं तर एक्झाममध्ये फेल होतील." मग वडीलही हसायचे. या वेळी त्यांनी छावणीला छावणीच म्हटलं, न अडखळता. पडद्याचं वाक्य आलं तेव्हा ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. मग सांगितलं, एका दमात, आणि त्यात मला एकही शब्द बदलावा लागला नाही.

मॅडमची दादी वारली होती. तीही फाळणीत मागे सुटलेल्या घराबद्दल कधी बोलायची नाही, असं त्या एकदा म्हणाल्या. वडिलांनी विचारलं, "मग तुम्ही विचारलं नाही?" त्या म्हणाल्या, "अंकल, तिचं गप्प बसणं वेगळं होतं ना. तिचं घर गेलं होतं." वडिलांनी मान हलवली आणि त्यांना पुढचं वाक्य वाचायला सांगितलं.

तिसऱ्या रविवारी काम संपलं. मॅडम गेल्यावर वडील म्हणाले, "प्रस्तावना घे लिहायला. माझ्याकडून तीन वाक्यं त्यात जाऊ दे." मी कागद घेतला. त्यांनी सावकाश तीन वाक्यं सांगितली, मशीनची सूचना सांगावी तशी. मला ती दोनदा वाचून दाखवायला लावली. म्हणाले, "यातलं काही मऊ करू नकोस. तुला ती खोड आहे." मग म्हणाले, "खाली माझं पूर्ण नाव घाल."

मी घातलं. त्यांनी कधी नव्हे ते स्वतःहून दुसरी पोळी मागितली. इतके हलके झालेले मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

ती प्रस्तावना आणि ती चार पानं मी प्रकाशकांना पाठवली. दहा दिवसांनी वडिलांना ताप आला. छातीत कफ झाला. बदलापूरच्याच हॉस्पिटलमध्ये चार दिवस होते. शेवटच्या दिवशी दुपारी ते मराठी विसरले. नर्सशी आणि माझ्याशी जर्मन बोलायला लागले, अगदी आर्जवानं. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी मॅडमना फोन लावायला बाहेर गेले, रेंज नव्हती, जिन्यातून खाली उतरले, आणि परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. ते काय म्हणत होते, हे मला कधीच कळणार नाही. साडेतीन वर्षं त्यांच्या समोर बसून मी त्यांची भाषा शिकले नाही.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कारखान्यातले जुने लोक आले, काठ्या टेकत. कारखाना बंद पडून जमाना झाला, तरी आले. वांगणीहून एक म्हातारे फिटर आले, शेतावरची भाजी घेऊन. प्रत्येकानं येऊन तेच सांगितलं. साहेबांनी उभ्या जन्मात कुणाचं उणंदुणं काढलं नाही. कुणाच्या ताटातलं वाईट बोलले नाहीत. असा माणूस होणे नाही. फिटरकाका तर रडायलाच लागले. म्हणाले, "बाय, आमची एक चूक त्येंनी वरपर्यंत जाऊच दिली न्हाई."

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी प्रुफं आली.

मी खिडकीशी बसून ती वाचली. चार पानं आपल्या जागी होती. पडदा होता, छावणी होती, म्हातारी होती. प्रस्तावना शेवटी वाचायला घेतली. खाली वडिलांची तीन वाक्यं आणि त्यांचं पूर्ण नाव. मी ते नाव बघत राहिले. फिटरकाका हे वाचतील का, असा विचार आला. ते कादंबऱ्या वाचत नाहीत, पण त्यांचा नातू वाचेल. आत्याच्या घरचे वाचतील, आणि मग ती तीन वाक्यंच वाचतील, बाकी काही वाचणार नाहीत. माणूस गेल्यावर चौदा दिवसांनी.

ज्या लाल पेनानं जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, त्याच पेनानं मी ती तीन वाक्यं खोडली. नावही खोडलं. वर समासात लिहिलं: 'पहिल्या आवृत्तीत अनवधानानं राहून गेलेली चार पानं या आवृत्तीत समाविष्ट केली आहेत.' अक्षर नेहमीसारखं सुवाच्य आलं. मी प्रुफं पाकिटात घातली आणि त्याच दुपारी पाठवून दिली.

पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत द्यायला मी उल्हासनगरला गेले. क्लास नुकताच सुटला होता, मुली जिन्यातून वाक्यं घोकत उतरत होत्या. मॅडमनी उभ्याउभ्याच प्रस्तावना उघडली. वाचली. पान उलटलं, पुन्हा मागे आल्या.

"ताई, अंकलचे ते तीन सेंटेन्स?"

"जागा पुरली नाही," मी म्हटलं.

प्रस्तावनेखाली अर्धं पान कोरं होतं. त्यांनी ते कोरं पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुस्तक मिटलं.

"चहा घेणार ना?" त्यांनी विचारलं.

मी घेतला. चांगला झाला होता, वेलची घातलेला. आम्ही पावसाबद्दल बोललो, त्यांच्या मुलींच्या व्हिसाबद्दल बोललो. त्यानंतर मी तिथे गेलेले नाही.

याला दोन वर्षं झाली. त्या कादंबरीतल्या गावावर मी शाळांमधून, वाचनकट्ट्यांवर किती तावातावानं बोलले आहे. माणसं गप्प का बसतात, असं विचारत आले आहे. आता मला कुणी बोलावलं तर नाही म्हणते. माझ्या वडिलांना त्यांच्या मावशींबद्दल तोंड उघडायला पन्नास वर्षं लागली, पण त्यांनी ते उघडलं. आणि त्यांनी बोललेलं मी पुसलं, प्रेमानं, स्वच्छ अक्षरात. एवढ्या एका गोष्टीत ते माझ्यापेक्षा मोठे निघाले, आणि मी जगाला ते कळू दिलं नाही.

तिसरी आवृत्ती निघेल असं वाटत नाही. इथे मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, त्यांचंही नाही, म्हणजे त्यांचं ऐकणं मला अजूनही पुरतं जमलेलं नाही. पण तो कागद माझ्याकडे आहे. त्यांनी सांगितलं तसं, काहीही मऊ न करता:

'या पुस्तकातली चार पानं मी जाणूनबुजून गाळली होती. ती मला समजली नाहीत असं नव्हे, फार नीट समजली. मी त्या घरी जेवलो होतो.'